ऐनाचं रेशीम

मी चवथीपर्यंत शिकले, तेही रडतखडत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी नीट समजले नाही, आणि आता हातही थरथरतो, त्यामुळे अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखे आले आहे. हे कागद ज्याच्या हाती पडतील त्याने रागावू नये. कोणी वाचावे म्हणून मी लिहीत नाही. मी लहानपणापासून बुजरी. चार बायका जमल्या की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कोणी नसते, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन साखरशेतला आले तेव्हा जव्हारला राजांचे राज्य होते. आमचे घर शेतकऱ्याचे, भात आणि नाचणीचे. आमचे हे संस्थानच्या शाळेत धाकटे मास्तर होते. आठवडाभर जव्हारला राहत आणि शनिवारी संध्याकाळी चालत घरी येत. घरात मी आणि सासूबाई. मी घाटावरची. लहानपणी माझी पुष्कळ वर्षे येवल्याला मावशीकडे गेली. मावशीच्या घरी रेशीम उकलायचे काम चाले. बाहेरगावाहून रेशमाची बंडले येत आणि मावशी ते रहाटावर घेऊन फिरक्या भरून विणकरांना देई. एकदा एका व्यापाऱ्याने मूठभर टसरचे कोशेटे, म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेली घरे, आणली होती. टसर म्हणजे रानातले रेशीम. त्याचा किडा घरात तुतीच्या पाल्यावर पाळत नाहीत, तो रानातल्या झाडावर आपला आपण वाढतो. मावशीने ते कोशेटे राखेच्या पाण्यात उकळले आणि टोक शोधून एका कोशेट्यातून धागा काढून दाखवला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ती गोष्ट मी विसरूनही गेले होते.

आमच्या शेताच्या वर पाडा होता. तिथली एक बाई लावणीला आणि झोडणीला आमच्याकडे येई. वयाने माझ्या आईएवढी, उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. मी तिला आते म्हणे. सगळ्या गावात तिच्यापुढे माझी जीभ त्यातल्या त्यात चाले, कारण माझ्या वाटणीचेही तीच बोले. एका फाल्गुनात ती आमच्या अंगणात बसून कोयत्याची सैल झालेली मूठ बांधत होती. हातात भिजवलेली पिवळट पट्टी होती. चामड्यासारखी चिवट.

मी विचारले, "आते, हे काय?"

"कोशेटा. ऐनाच्या झाडाव लागतो. पाण्यात भिजवायचा, सुरीनं गोल गोल कापत जायचा, सलग पट्टी निघते. सुकली का कोयता मोडंल पण बंद सुटनार नाय."

"आणि आतला किडा?"

"कोंबडीला."

मी तिच्या टोपलीतला एक अखंड कोशेटा उचलला. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी, वर देठ, देठाच्या टोकाला फांदीभोवती बसणारे कडे. मला एकदम मावशीची चूल आठवली.

मी म्हटले, "आते, याचं रेशीम निघतं."

ती मोठ्याने हसली. "रेशीम राजाच्या वाड्यात निघतं गो बाय. ऐनाला डिंक निघतो."

मला कोणी हसले की मी गप्प बसते. पण त्या दिवशी काय झाले कोण जाणे, मी उठले, चुलीवर आघाड्याच्या राखेचे पाणी ठेवले आणि तीन-चार कोशेटे त्यात टाकले. चांगले मऊ होईपर्यंत उकळले. किडा मरतो हे खरे, आणि वासही काही फुलाचा येत नाही. मग काडीने वरचा गुंता बाजूला केला तशी टोके हाती लागली. चार धागे एकत्र वळून मी आतेच्या हातात दिले आणि म्हटले, "धर आणि चालू लाग."

ती चालू लागली. अंगण संपले, धागा येतच होता. ती गोठ्याला वळसा घालून आली, मग तुळशीला, मग परत गोठ्याला. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. त्यांनी विचारले, "हिला काय झालं? देव अंगात आला का काय?"

आते ओरडली, "अगो आये, ह्याला शेवट हाय का नाय? का अशीच मोखाड्याला पोचू?"

धागा मधासारख्या रंगाचा होता. आतेने तो दाताने तोडून बघितला, तुटला नाही. मग ती हसली नाही. म्हणाली, "आमी जल्मभर ह्यानं कोयतंच बांधलं."

पुढचा पावसाळा गेला आणि दिवाळीनंतर आमच्याकडे कासारीणकाकू आली. ती जव्हारच्या बाजारातली. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन गावोगाव फिरे, आणि वर्षातून एकदा घाट चढून नाशिक-येवल्याकडे माल आणायला जाई. तिच्याकडून बांगड्या भरून घेताना मनगट तिच्या हातात असते, पळून जाता येत नाही, म्हणून मी तिच्याशीही थोडे बोलत असे. ओटीवर मी गुंडाळून ठेवलेली धाग्याची फिरकी तिला दिसली. व्यापारी बाई. तिने बांगडी अर्ध्यावर ठेवली आणि फिरकी उचलली.

"हे कुठलं गं?"

मी सांगितले. तिने धागा उजेडात धरला, ओढला, गालाला लावला.

मी विचारले, "येवल्याला घेतील?"

"घेतील. मुकट्याला टसरच लागतं."

मुकटा म्हणजे सोवळ्यात नेसायचे जाडसर रेशमी धोतर. पूजा सांगणाऱ्या लोकांत त्याला फार मान.

काकूने विचारले, "मग काढत का नाहीस?"

"पाड्यावरच्या बाया वेचून देतील. पण त्या पौषापासून रानात लाकडं तोडायच्या मजुरीला जातात. मजुरी सोडून कोशेटे वेचायचे तर आधी हातात काही द्यायला पाहिजे. माझ्याकडे कुठलं?"

कासारीणकाकूने फिरकी खाली ठेवली. मग अर्धी राहिलेली बांगडी मनगटावर चढवत म्हणाली, "माझ्याकडे पंचवीस रुपये आहेत. लेकीच्या लग्नातल्या भांड्यांचे. सासरच्यांनी पितळेची सगळी भांडी मागितलीत, घागरीपासून पळीपर्यंत. लग्न पुढच्या वर्षी मार्गशीर्षात. तोवर ते चुलीमागे पुरून ठेवलेत, त्यांना काही अंकुर फुटत नाही. घे. पण लग्नाच्या आधी मला पुरे पंचवीस पाहिजेत. नाहीतर लेक वरातीतून माघारी येईल, आणि तुझ्या हातात मी जन्मात बांगडी चढवणार नाही."

शेवटचे वाक्य ती हसून बोलली. पण आधीचे हसून बोलली नव्हती. तिला नवरा नव्हता, ही एकच मुलगी होती आणि तेवढेच पैसे होते. मी होय म्हटले. आजही मला नवल वाटते की मी होय म्हटले.

पैसे मी आतेच्या हाती दिले. तिने पाड्यावरच्या बायांना वाटले. कोणी मीठ आणले, कोणी लुगडे, कोणी नाचणी. ऐनाची पाने माघात झडतात, मग नुसत्या फांद्यांवर कोशेटे लोंबताना दिसतात, तेव्हा वेचायचे असे ठरले.

आता इथे राबाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भाताचे रोप जिथे टाकायचे तिथे आधी झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही असे सगळे मानतात. आणि राबाला फांद्या कोणाच्या, तर ऐनाच्या. पौषात मी पाणी आणायला गेले तर ओढ्याच्या पलीकडे एक माणूस ऐनाच्या शेंड्यावर चढून कुऱ्हाड चालवत होता, आणि खाली पडलेल्या फांद्यांना कोशेटे लागलेले. कासारणीच्या लेकीची भांडी राबात जाणार, असे माझ्या मनात आले.

सरळ उपाय हा की घरोघर जाऊन सांगायचे, बाबांनो, कोशेट्यांची झाडे तेवढी सोडा. आते असती तर तिने एका सकाळीत सांगून टाकले असते. पण ती मुलीच्या बाळंतपणाला मोखाड्याच्या पुढे गेली होती. मी पाड्याच्या तोंडापर्यंत गेले. तिथे पाच-सहा माणसे शेकत बसली होती. मी तशीच माघारी फिरले.

घरी चोळीच्या खणाचा एक जुना तुकडा होता, लाल. मी त्याच्या चिंध्या केल्या, आणि दुपारी सगळे जेवून आडवे झाले की रानात जाऊन ज्या ज्या ऐनावर कोशेटे दिसले त्या त्या झाडाच्या बुंध्याला एक एक चिंधी बांधून आले. माझा विचार इतकाच की चिंधी दिसली तर माणूस विचारील, ही कोणाची खूण, आणि तोवर आते येईल.

चिंधी सगळ्यांना दिसली. पण विचारले कोणीच नाही.

त्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावली नाही. मला फार आनंद झाला. मनात म्हटले, किती समजूतदार लोक आहेत. माघ आला, पाने झडली, कोशेटे उघडे पडले, रानभर लोंबू लागले. आते परत आली. मी वाट बघत बसले की बाया आता टोपल्या भरून येतील. एकही आली नाही. मग एके दिवशी आतेच तीन बायांना घेऊन आली आणि सगळ्या अंगणात मान खाली घालून बसल्या.

आते म्हणाली, "मास्तरीणबाय, तुजं पैसं आमी खाल्लं. पन कोशेटं नाय तोडता येनार. झाडाव देव बसलाय."

"कुठला देव?"

"ते काय ठावं? पौषात एकदम बसला. लाल बांधलेलं हाय. ज्या झाडाला कोशेटं त्याच झाडाला. मानसाचं काम नाय ते. मानूस एवढं निवडून कशाला बांधंल?"

दुसरी म्हणाली, "माज्या पोराचा ताप गेला. अंडं ठेवलं मी तिथं."

मी उठून बघायला गेले. मोठ्या ऐनाच्या बुंध्याला माझी चिंधी होती, तिच्याखाली शेंदूर, नारळाच्या करवंट्या, कोंबडीची पिसे आणि उदबत्तीच्या काड्या. मला हसू येईना आणि रडूही येईना. परत येऊन मी सगळा धीर गोळा केला आणि त्या बायांना खरे ते सांगितले. म्हटले, देव नाही बसला, मी बांधल्या चिंध्या, हा बघा उरलेला खण.

त्यांनी खण हातात घेऊन पाहिला. एकमेकींकडे पाहिले. मग आते मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "तूच बांधल्यास गो. नाय कोन म्हनतं? पन तुज्या हातानं कोनी बांधून घेतल्या? तू तर दोन मानसं दिसली का पळतेस. तू एकटी रानात जाशील? त्यानं नेली तुला."

मी खण घडी करून पेटीत ठेवला.

शनिवारी हे आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले, कासारणीच्या पैशांसकट. ते इतके हसले की टोपी पडली. मग पैशांचे ध्यानात आले तशी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. त्यांचा पगार धाकट्या दिरांच्या बाहेरगावच्या शिक्षणात जाई, हे मला माहीत होते. म्हणाले, "जंगलाच्या कारकुनाला सांगून चिंध्या काढवू का? सरकारी माणसापुढे कोणी बोलणार नाही."

मी म्हटले, नको. त्या बाईच्या पोराचा ताप गेला होता. कारकुनाने चिंधी तोडलेली तिला कशी बघवेल?

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. कपाळाला शेंदराचे बोट होते. म्हणाल्या, "मी सकाळीच जाऊन आले त्या ऐनाच्या देवाकडे. नवस बोलले. तुझी कूस उजवली तर पाच नारळ." ह्यांनी तोंडाला उपरणे लावले आणि बाहेर निघून गेले. पुढे दीड वर्षाने मला मुलगी झाली आणि सासूबाईंनी पाच नारळ फोडले.

पाड्याच्या भगताला विचारायचे ठरले. भगत म्हणजे देवाचे आणि भुताखेताचे बघणारा माणूस. हा भगत बारीकसा, मिशी पांढरी, डोळे मिश्कील. त्याने सुपात तांदूळ पसरले, चिमूट चिमूट बाजूला केली, जोड्या लावल्या. मी दाराआड उभी होते.

तो म्हणाला, "देव हाय. जोडी पुरी पडली."

आते म्हणाली, "उठंल कंदी? मास्तरीणबायचं पैसं अडकलंत."

त्याने परत तांदूळ टाकले. "आगोटीला उठंल." आगोट म्हणजे पावसाचे तोंड. "त्याचा तो उठंल. आपन नाय उठवायचं. आणि मास्तरीणबायला सांगा, देवाच्या घरात पैसं ठेवलं का बुडत नाय, उशीर लागतो."

वैशाखात कासारीणकाकू आली. मी तिच्यासमोर बसले आणि बांगड्या भरायला हात पुढे केला. शेवटी सासूबाईंनीच सगळे सांगितले. काकूचा चेहरा उतरला. तिने हारा तिथेच ठेवला, पदर खोचला आणि तडक रानाच्या वाटेने गेली. मी घरात बसून राहिले. चूलही पेटवली नाही. बऱ्याच वेळाने ती परत आली. कपाळाला शेंदूर होता.

"हात जोडून आले," ती म्हणाली. "म्हटलं, देवा, तुझ्याकडे माझे पंचवीस आहेत, विसरू नकोस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रडतेस काय? हात आण इकडे. पण मार्गशीर्ष तो मार्गशीर्ष. देवाला सूट दिली, तुला नाही."

ज्येष्ठात ढग खाली उतरले, हवेला ओल आली, आणि एका तिन्हीसांजेला आतेची हाक आली. "ये गो, धाव! देव उठला!"

मी धावले. सगळा पाडा ऐनाखाली जमला होता, त्यात भगतही. कोशेट्यांच्या तोंडाशी ओले डाग पडले होते आणि त्यातून पाखरे बाहेर येत होती. आधी चुरगळलेली, ओली, मग पंख हळूहळू पसरत तळहाताएवढी होत. कोणी हळदीसारखी पिवळी, कोणी तांबूस. पंखांवर गोल काचेसारखे ठिपके, त्यातून पलीकडचे दिसे. माद्या आपापल्या कोशेट्याला धरून बसल्या होत्या आणि नर उडत होते. माणसांना त्यांची भीती नव्हती. एक आतेच्या डोक्यावर बसले. या पाखरांना तोंड नसल्यासारखेच असते, ती काही खात नाहीत. मावशीने सांगितलेले मला आठवले, ते मी हळूच आतेला सांगितले.

ती म्हणाली, "देवाला खायाला कशाला लागतं?"

भगताने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "गेला. उडून गेला. आता घरं रिकामी हायती. ज्याला पायजे त्यानं न्यावी." आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला. त्याला पहिल्यापासून काय ठाऊक होते ते मी त्याला विचारले नाही.

चार दिवसांत बायांनी सगळे कोशेटे उतरवले. आमची ओटी भरली. सगळ्या खुशीत होत्या, देणे फिटले म्हणून. मी एकेक कोशेटा उजेडात धरून पाहिला. प्रत्येकाला भोक होते. पाखरू बाहेर येताना तोंडाशी धागे भिजवून बाजूला सारते. अखंड कोशेट्यातून जसा सलग धागा निघतो, तसा भोकाच्या कोशेट्यातून निघत नाही, पाण्यात टाकला की तुकडे होतात. म्हणूनच रेशीमवाले किडा आत असतानाच उन्हाने नाहीतर वाफेने मारतात. गोठ्याला वळसे घालणारा धागा आता यातून निघणार नव्हता.

आतेने विचारले, "मग टाकून द्यायचं का?"

मला मावशीच्या घरची माळ्यावरची जागा आठवली. तुटके, गुंतलेले, वाया गेलेले रेशीम मावशी टाकत नसे. कापसासारखे पिंजून, पालथ्या मडक्यावर ठेवून, मांडीवर वळून ती त्याचा जाडसर धागा करी. सलग नाही, पण धागा तर खरा.

सगळा पावसाळा आम्ही ते केले. लावणी संपली की बाया दुपारच्या आमच्या ओटीवर येत. कोशेटे राखेच्या पाण्यात उकळायचे, ओढ्यात धुवायचे, बोटावर टोपीसारखे उलटे करून सैल करायचे. मग पालथ्या मडक्यावर चढवून एका हाताने थोडे थोडे ओढायचे आणि दुसऱ्या हाताने मांडीवर वळायचे. बायांच्या मांड्या लाल होत. माझा धागा बारीक आणि तुटका, आतेचा दोरीसारखा. ती म्हणे, "माज्या धाग्याला बैल बांधा." सासूबाईंना उकळत्या कोशेट्यांचा वास सहन होत नसे, त्या नाकाला पदर लावून शिव्या देत आणि पदराआडून आमच्या गप्पा ऐकत. इतक्या बायका रोज माझ्या ओटीवर बसत आणि मला त्यांची भीती वाटत नसे, हे भाद्रपदात एकदम माझ्या लक्षात आले. हात कामात असले की जीभ आपोआप सुटते.

दसऱ्याला कासारीणकाकू घाट चढून गेली तेव्हा धाग्याच्या लडी तिच्या भाड्याच्या बैलगाडीत होत्या. वर मी दोन-तीन भोकाचे कोशेटे बांधून दिले होते, धागा कशाचा ते दाखवायला. ती परतली तेव्हा तिचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू आला.

"व्यापारी म्हणतो, बाई, हा जाडाभरडा. याचे काय पैसे द्यायचे? मी म्हटलं, शेटजी, जाडा आहे पण निष्पाप आहे. तुमच्या इतर रेशमात लाखो किडे उकळून मेले. यात एक नाही. पाखरू आपलं आपण उडून गेलं. तो म्हणतो, कशावरून? मी कोशेटा त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, हे बघा दार! त्यातून ते बाहेर गेलं. तो उठून आत गेला, त्याचा बाप बाहेर आला. म्हातारा इतका धर्माचा की चालताना मुंगी बघून पाऊल टाकतो. आयुष्यभर सोवळ्यात रेशीम नेसावं की नेसू नये या विचारात पडलेला. त्याने कोशेट्याच्या भोकाला डोळा लावून आत पाहिलं आणि सगळ्या लडी ठेवून घेतल्या."

आम्ही पोट धरधरून हसलो. बायांची वळण्याची मजुरी देऊन काकूच्या हाती सतरा रुपये गेले. आठ राहिले. मार्गशीर्ष जवळ आला होता. म्हाताऱ्याने निरोप दिला होता की आणखी असेल तर कार्तिकात मोखाड्याच्या बाजाराला त्याचा माणूस येईल, त्याला द्यावा. काकू लग्नाच्या गडबडीत, ती जाऊ शकत नव्हती. मलाच जायला हवे होते.

उरलेले कोशेटे आम्ही दिवाळीच्या दिवसांत वळून संपवले, त्याची मजुरी बायांनी घेतली नाही. आते बरोबर आली. बाजार भरला होता, मिरच्या, सुकी मासळी, मडकी, माणसेच माणसे. येवल्याचा माणूस एका झाडाखाली पथारी टाकून बसला होता. मी लडी त्याच्यापुढे ठेवल्या आणि माझी वाचा गेली. आतेला मी आधीच बजावले होते, किंमत मी बोलेन, तू मध्ये बोलू नकोस. तिने तोंडावर पदर धरला.

तो म्हणाला, "सहा देतो."

आठ म्हणायचे होते. ओठ हलेनात.

"बाई बोलत नाहीत. साडेसहा."

मी जमिनीकडे पाहत राहिले.

"मोठी पक्की बाई आहे ही," तो आतेला म्हणाला. "बरं, सात. एवढ्यात राजाचं शहर विकत येतं."

मी लड हातात घेतली, उगाच, हाताला काहीतरी हवे म्हणून. त्याला वाटले मी उचलून चालले.

"थांबा, थांबा! आठ. आता तरी तोंड उघडा!"

मी तोंड उघडले आणि तोंडातून खोकला आला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "नऊ घ्या आणि जा. मालक मला विचारतील, पण जा."

झाडांच्या आड गेल्यावर आते जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "अगो, आनखी एक डाव खोकली असतीस तर धा झालं असतं!"

वरच्या रुपयाची मी तिला बाजारातच नवीन चोळी घेऊन दिली, आणि उरले त्याचे गूळ-खोबरे पाड्यासाठी.

जव्हारला मी एकटी गेले. ह्यांनी येतो म्हटले होते, पण शाळा होती, आणि मलाही एकटीलाच जावेसे वाटले. कासारणीच्या दारी मांडव घातला होता. आत पन्नास बायका असतील. हळद चालली होती, कोणी ओव्या म्हणत होत्या, कोणी भांडत होत्या. एरवी मी उंबऱ्यावरून परतले असते. काकू मधोमध बसून लेकीच्या हातात हिरवा चुडा भरत होती. भिंतीशी पितळेची घागर, तांब्या, परात, असे मांडले होते, पण पुरे नव्हते. मधे जागा मोकळी होती. मी सगळ्या बायकांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले, खाली बसले आणि तिच्या मांडीवर आठ रुपये ठेवले.

"काकू," मी म्हटले, "हे राहिलेले."

तिने लेकीचा हात सोडला नाही. एका हाताने बांगडी सरकवत दुसऱ्या हाताने रुपये एक एक करून वाजवून पाहिले, आठही. मग कनवटीला लावले आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "जा गं, तांबटाकडे माणूस पाठव, हंडा, कळशी आणि पळी आणायला सांग." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पंचवीस पुरे झाले. फिटले गं सगळे."